वॉर्डातून मैदानाकडे : डॉ. लुडविग गुटमान

ऑलिंपिक स्पर्धा संपल्या की काही दिवसांनी त्याच शहरात पॅरालिंपिक स्पर्धा भरतात. पाय गमावलेले, दृष्टी नसलेले, कमरेखाली संवेदना नसलेले खेळाडू तिथे शर्यती धावतात, पोहतात, बाणाने नेम साधतात. गेल्या काही स्पर्धांत भारताचे खेळाडूही तिथून पदके घेऊन आले आणि त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकली. या स्पर्धांची सुरुवात मात्र कुठल्या क्रीडा संघटनेने केलेली नाही. ती केली मज्जासंस्थेच्या एका डॉक्टरांनी, इंग्लंडमधल्या एका रुग्णालयाच्या हिरवळीवर, आपल्या रुग्णांच्या उपचाराचा भाग म्हणून. त्यांचे नाव डॉ. लुडविग गुटमान.

पाठीच्या कण्याला मार लागून कमरेखालचे शरीर लुळे पडलेला माणूस फार दिवस जगत नाही, अशी वैद्यकशास्त्राची पक्की समजूत होती, त्या काळात गुटमान डॉक्टर झाले. अशा रुग्णांना त्यांनी आधी जगवले. पण जगलेला माणूस पुन्हा माणसांत कसा येणार, हा पुढचा प्रश्नही त्यांनी आपलाच मानला. त्याचे उत्तर त्यांना खेळात सापडले.

खाणीतला मजूर

गुटमान यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी टोस्ट या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा जर्मनीच्या अप्पर सायलेशिया प्रांतात होते, आज ते पोलंडमध्ये आहे. लुडविग लहान असतानाच कुटुंब क्योनिग्सह्युटे या शहरात राहायला गेले. हा सगळा कोळशाच्या खाणींचा मुलूख. खाणीत दरड कोसळणे, हाडे मोडणे हे तिथे नित्याचे होते आणि त्यासाठी शहरात अपघाताचे स्वतंत्र रुग्णालय होते.

१९१७ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, अठराव्या वर्षी गुटमान त्या रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम करू लागले. एके दिवशी एक धिप्पाड तरुण मजूर आणला गेला. त्याचा कणा मोडला होता आणि कमरेखाली काहीही हलत नव्हते. डॉक्टरांनी त्याला ताणून हाड बसवले, धडाला प्लास्टर घातले आणि वॉर्डाच्या टोकाला, पडद्याआड त्याची खाट लावून दिली. गुटमान त्याची माहिती टिपून घेऊ लागले, तेव्हा एवढे लिहीत बसण्याची गरज नाही, हा काही आठवड्यांचाच सोबती आहे, असे त्यांना सांगण्यात आले. झालेही तसेच. पाचेक आठवड्यांत तो तरुण गेला. गुटमान यांच्या मनातून तो कधी गेला नाही.

तो मजूर नेमका कशाने गेला, हे समजून घेतले पाहिजे, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. मज्जारज्जू म्हणजे मेंदू आणि शरीर यांच्यातली तारांची जुडी. ती तुटली की त्याखालच्या भागाची हालचाल जाते, तशी संवेदनाही जाते. आपण झोपेतसुद्धा कूस बदलतो, कारण दबलेली कातडी टोचते. संवेदना नसलेल्या माणसाला हे टोचणे कळतच नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी तासन् तास दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा तुटतो, मांस मरते आणि खोल जखम होते. यालाच आपण बेडसोअर म्हणतो. दुसरीकडे मूत्राशय रिकामे करण्यावरचा ताबा सुटलेला असतो. लघवी साचते, तिच्यात जंतू वाढतात, ते मूत्रपिंडापर्यंत पोहोचतात. जखमेतून आणि लघवीतून जंतू रक्तात शिरले की मृत्यू अटळ होई. म्हणजे मोडलेला कणा माणसाला मारत नव्हता. मारत होती ती नंतर होणारी गुंतागुंत, आणि ती टाळता येण्याजोगी होती. पण रुग्ण वाचणारच नाही असे आधीच ठरल्यामुळे ती टाळायचा प्रयत्न कोणी करत नव्हते.

लाज घालवणारा आखाडा

१९१८ मध्ये गुटमान यांनी ब्रेसलाऊ विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते फ्रायबुर्गला गेले. तेव्हाच्या जर्मन विद्यापीठांत विद्यार्थ्यांची मंडळे असत आणि त्यांतल्या अनेक मंडळांत ज्यूंचा उघड द्वेष चाले. फ्रायबुर्गमध्ये ज्यू विद्यार्थ्यांचेही एक मंडळ होते. गुटमान त्यात उत्साहाने वावरले. तलवारबाजी आणि इतर कसरतींवर तिथे मोठा भर असे. हेतू केवळ शरीर कमावण्याचा नव्हता. ज्यू असल्याची लाज बाळगून मान खाली घालून चालणाऱ्या मुलांनी ताठ उभे राहावे, आपल्यासारख्या इतरांच्या सोबतीने उभे राहावे, हा त्यामागचा विचार होता. समाजाने कमी लेखलेल्या तरुणाला खेळ काय देऊ शकतो, हे गुटमान यांनी आधी स्वतःवर अनुभवले, रुग्णांवर नंतर.

१९२४ मध्ये ते डॉक्टर झाले आणि ब्रेसलाऊला परतून ओटफ्रिड फोर्स्टर यांच्या हाताखाली काम करू लागले. फोर्स्टर हे त्या काळातले युरोपातले अग्रगण्य मज्जाविकारतज्ज्ञ. त्यांच्याकडे गुटमान यांनी मज्जातंतूंचा अभ्यास केला, शस्त्रक्रिया शिकल्या, आणि दिवसरात्र काम करण्याची सवयही लावून घेतली. मध्ये वर्षभर हॅम्बुर्गला मेंदूच्या शस्त्रक्रियांचा विभाग सांभाळून ते पुन्हा फोर्स्टर यांचे पहिले सहायक म्हणून परतले.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू डॉक्टरांना सरकारी रुग्णालयांतून काढून टाकण्यात आले. गुटमान ब्रेसलाऊच्या ज्यू रुग्णालयात गेले आणि १९३७ मध्ये त्याचे प्रमुख झाले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची दुकाने फोडली गेली, प्रार्थनास्थळे जाळली गेली, पुरुषांची धरपकड सुरू झाली. त्या रात्री रुग्णालयाच्या दारात येईल त्याला काहीही न विचारता दाखल करून घ्या, असा हुकूम गुटमान यांनी दिला. सकाळपर्यंत ६४ जण दाखल झाले होते. दुसऱ्या दिवशी गेस्टापोचे अधिकारी आले आणि एका रात्रीत इतके रुग्ण कुठून आले, याचा जाब विचारू लागले. गुटमान त्यांना खाटेखाटेपाशी घेऊन गेले आणि प्रत्येकाला कुठला गंभीर आजार आहे, हे गंभीर चेहऱ्याने समजावून सांगत राहिले. ६४ पैकी ६० जण अटकेतून वाचले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना देश सोडण्याची वाट मिळाली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या एका मित्राला तपासण्यासाठी खुद्द नाझी सरकारनेच त्यांना लिस्बनला पाठवले. परतताना ते लंडनमध्ये थांबले. निर्वासित अभ्यासकांना मदत करणाऱ्या तिथल्या संस्थेने त्यांच्या कुटुंबाच्या प्रवेशाची व्यवस्था केली. मार्च १९३९ मध्ये पत्नी एल्से आणि दोन लहान मुलांसह गुटमान इंग्लंडला पोहोचले. महायुद्धाला तेव्हा सहा महिनेही उरले नव्हते.

दर दोन तासांनी कूस

ऑक्सफर्डमध्ये त्यांना संशोधनाचे काम मिळाले. मज्जातंतूंच्या इजा आणि घाम यांचा संबंध त्यांनी तिथे अभ्यासला. काम चांगले होते, पण हातात रुग्ण नव्हते. १९४३ मध्ये ब्रिटिश सरकार फ्रान्सच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याची तयारी करत होते आणि त्या मोहिमेत कण्याला गोळ्या लागलेले अनेक सैनिक परत येणार, हे उघड होते. त्यांच्यासाठी एक खास केंद्र काढायचे ठरले आणि त्याचे प्रमुखपद गुटमान यांना देऊ केले गेले. अनेकांना ते हिताचे वाटले नाही. ज्या वॉर्डातून रुग्ण बरा होऊन बाहेर पडतच नाही, तिथे नामांकित डॉक्टर कशाला जाईल? गुटमान यांनी एकच अट घातली. उपचार आपल्या पद्धतीने करू दिले पाहिजेत, मध्ये कोणी ढवळाढवळ करता कामा नये.

लंडनच्या वायव्येला आयल्सबरी गावाजवळच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात १ फेब्रुवारी १९४४ रोजी हे केंद्र सुरू झाले. सुरुवातीला खाटा जेमतेम पंचवीसच्या घरात होत्या आणि रुग्ण एक. नॉर्मंडीची मोहीम जूनमध्ये सुरू झाल्यावर वॉर्ड भरू लागला. येणारे बहुतेक विशी-पंचविशीतले सैनिक होते. कित्येकांच्या अंगावर प्लास्टरचे कवच असे आणि ते कापले की आत सडलेल्या जखमा दिसत.

गुटमान यांनी प्रथम ही प्लास्टरे काढून टाकली. प्रत्येक रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची, दिवसा आणि रात्रीसुद्धा, असा नियम घातला. उशांचा आधार कुठे द्यायचा, हाडांवरचा दाब कसा कमी करायचा, हे त्यांनी परिचारिकांना आणि सैन्यातून आलेल्या वॉर्डबॉयना हाताला धरून शिकवले. मध्यरात्री ते स्वतः अचानक वॉर्डात येत आणि कूस खरोखर बदलली का, हे पाहत. मूत्राशय रिकामे करण्यासाठी कायमची नळी ठेवून देण्याऐवजी ठरावीक वेळाने, निर्जंतुक पद्धतीने नळी घालून काढण्याचा आग्रह त्यांनी धरला. हे काम सुरुवातीला डॉक्टरांनीच करायचे, असा त्यांचा दंडक होता. यात नवे औषध नव्हते, महागडे यंत्र नव्हते. होती ती शिस्त. पण त्या शिस्तीने जखमा भरू लागल्या, ताप उतरू लागले आणि पडद्याआड मरणाची वाट पाहणारी मुले उठून बसू लागली.

जगण्याचे करायचे काय?

खरी अडचण इथे उभी राहिली. वाचलेला बावीस वर्षांचा तरुण खाटेवर बसून छताकडे पाहतो. पाय नाहीत, नोकरी नाही, लग्नाची आशा सोडलेली, घरच्यांच्या डोळ्यांत दया. असा माणूस कूस बदलून घ्यायचाही कंटाळा करतो. मन खचले की कातडीची निगा राहत नाही आणि जखम पुन्हा उघडते. म्हणजे मनाची उभारी ही चैनीची गोष्ट नव्हती, ती जीव वाचवण्याच्या उपचारांचाच भाग होती.

म्हणून गुटमान यांनी रुग्णांना कामाला लावले. सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन यांचे वर्ग वॉर्डाला जोडून सुरू झाले. रुग्णालयातून बाहेर पडणारा माणूस पेन्शनवर जगणारा नव्हे, कमावणारा आणि कर भरणारा असला पाहिजे, हे त्यांचे उद्दिष्ट होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत वेळापत्रक आखलेले असे. रुग्ण कुरकुरत, पण उठत.

खेळ आला तो जवळजवळ अपघाताने. काही रुग्ण व्हीलचेअरवर बसून, हातातली काठी उलटी धरून एक चकती इकडून तिकडे मारत होते. गुटमान यांनी ते पाहिले. सैन्यातले कसरतशिक्षक हिल यांना सोबत घेऊन ते स्वतः व्हीलचेअरमध्ये बसले आणि हा खेळ खेळून पाहू लागले. त्यातून व्हीलचेअर पोलो तयार झाला. तो इतका धसमुसळा निघाला की लवकरच बंद करावा लागला आणि त्याच्या जागी नेटबॉल आला, पुढे बास्केटबॉल. भालाफेक, टेबल टेनिस, स्नूकर यांचीही भर पडली.

यामागे शरीरशास्त्राचा पक्का हिशेब होता. कमरेखाली लुळ्या पडलेल्या माणसाला खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून गाडीत स्वतःला उचलून न्यायचे असते. त्यासाठी खांदे, दंड आणि पाठ दणकट हवी. पाठीवर पसरलेला एक मोठा स्नायू दंडापासून थेट कमरेच्या हाडापर्यंत जातो, पण त्याच्या नसा मानेतून निघतात. त्यामुळे छातीच्या खाली कणा मोडला तरी हा स्नायू जिवंत राहतो. जिवंत आणि निर्जीव भागांना जोडणारा हा जणू पूल आहे. तो तयार केला की माणूस तोल सावरून बसायला शिकतो. चेंडूमागे वळताना, धनुष्य ओढताना नेमका हाच स्नायू राबतो. शिवाय एकट्याने शंभर वेळा वजन उचलणे कंटाळवाणे असते. समोर प्रतिस्पर्धी असला की तोच हात थकल्याशिवाय तासभर चालतो.

धनुर्विद्येवर गुटमान यांचा विशेष जीव होता. तिथे पाय लागत नाहीत. व्हीलचेअरवरचा तिरंदाज आणि उभा राहिलेला तिरंदाज एकाच रेषेवरून, एकाच लक्ष्यावर बाण सोडू शकतात आणि गुण सारखेच मोजले जातात. दयेचा गुण वेगळा मिळत नाही. रुग्णाला नेमके हेच हवे असते.

सोळा तिरंदाज

२९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर धनुर्विद्येचा एक लहानसा सामना झाला. एका बाजूला रुग्णालयाचा संघ, दुसऱ्या बाजूला रिचमंड इथल्या जायबंदी सैनिकांच्या स्टार अँड गार्टर या निवासाचा संघ. स्पर्धक होते एकूण १६, त्यांत दोन स्त्रिया. यजमान हरले, पाहुणे जिंकले. लंडनच्या भरगच्च स्टेडियमच्या मानाने हे काहीच नव्हते. पण तारीख गुटमान यांनी विचारपूर्वक निवडली होती.

पुढच्या वर्षी आणखी रुग्णालयांचे संघ आले. एक दिवस या खेळांना ऑलिंपिकसारखे रूप येईल, हे गुटमान तेव्हापासून उघडपणे सांगू लागले. ऐकणाऱ्यांना ते स्वप्नरंजन वाटले असेल. १९५२ मध्ये नेदरलँड्समधून जायबंदी सैनिकांचा संघ आला आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. त्या वर्षी १३० खेळाडू होते. आता वर्षातून एकदा वेगवेगळ्या देशांतली, एकाच प्रकारच्या दुखापतीची माणसे एकत्र जमू लागली. दिवसा स्पर्धा, संध्याकाळी गप्पा. खुर्चीचे चाक कसे बसवले, गाडी हातांनी कशी चालवायची, जखम होऊ नये म्हणून काय करायचे, नोकरी कुठे मिळाली, लग्न कसे जमले, हे ती एकमेकांना सांगत. आपल्यासारखीच इजा झालेला माणूस हसतखेळत संसार करताना दिसला की नव्या रुग्णाला जी उमेद येते, ती डॉक्टरच्या शंभर उपदेशांनी येत नाही.

मार्गारेट मॉन यांचे उदाहरण पाहा. त्या शिक्षिका होत्या आणि आफ्रिकेतल्या न्यासालँडमध्ये, म्हणजे आजच्या मलावीमध्ये, काम करत होत्या. १९५९ मध्ये मोटार अपघातात त्यांचा मज्जारज्जू दुखावला आणि त्यांना स्टोक मँडेव्हिलला आणण्यात आले. वय होते तिशीच्या आसपास. तिथे व्यायामाचा भाग म्हणून त्यांनी धनुष्य हातात घेतले आणि घरी गेल्यावरही सराव सोडला नाही. पुढच्याच वर्षी त्या ब्रिटनच्या संघातून रोमला गेल्या.

रोमची ही स्पर्धा सप्टेंबर १९६० मध्ये, ऑलिंपिक संपल्यावर भरली. इटलीतले डॉ. अँतोनियो माल्यो यांनी गुटमान यांच्यासोबत ती जुळवून आणली. २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू आले. आज तिलाच पहिली पॅरालिंपिक मानले जाते. सोयी फारशा नव्हत्या. राहण्याच्या जागी पायऱ्या होत्या आणि खेळाडूंना खुर्चीसकट उचलून नेण्यासाठी सैनिकांची मदत घ्यावी लागली. धनुर्विद्येची फेरी संपल्यावर मॉन परतण्यासाठी बसमध्ये जाऊन बसल्या होत्या. आपण किती गुण मिळवले, याचा त्यांना पत्ताच नव्हता. त्यांना शोधत माणसे आली आणि पदक स्वीकारायला घेऊन गेली. पॅरालिंपिकमधले ब्रिटनचे ते पहिले सुवर्णपदक होते. २०१२ मध्ये लंडनला पॅरालिंपिक झाली तेव्हा ज्योत पेटवण्याचा मान याच मॉन यांना मिळाला.

टोकियो, हायडेलबर्ग आणि इस्लामपूर

रोमच्या वर्षीच जपानच्या ओइता इथले अस्थिरोगतज्ज्ञ युताका नाकामुरा शिकण्यासाठी स्टोक मँडेव्हिलला आले होते. जपानमध्ये तेव्हा अशा रुग्णांना अंथरुणात शांत ठेवण्याकडे कल होता, त्यांना खेळायला लावणे क्रूरपणाचे मानले जाई. नाकामुरा यांनी परत जाऊन हा विरोध अंगावर घेतला. १९६४ मध्ये टोकियोत ऑलिंपिकनंतर दिव्यांगांच्या स्पर्धा झाल्या, त्यांत त्यांचा मोठा वाटा होता. तिथे यजमान खेळाडूंनी एक गोष्ट पाहिली. ते स्वतः बहुतेक रुग्णालयांतून आणि आश्रमांतून आले होते, तर परदेशी खेळाडू नोकरी-धंदा करणारे, बाहेर फिरणारे, बायकामुलांत राहणारे होते. पदकांपेक्षा हा फरक जास्त बोलका होता. दुसऱ्याच वर्षी नाकामुरा यांनी बेप्पू शहरात दिव्यांगांना रोजगार देणारी संस्था काढली. तिच्या नावाचा अर्थ सूर्याचे घर.

१९७२ च्या स्पर्धा पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्गला झाल्या. ज्या देशाने पदावरून काढले, ज्या देशातून जीव वाचवून बाहेर पडावे लागले, तिथेच गुटमान आता या चळवळीचे प्रमुख म्हणून पाहुणे होते. आणि याच हायडेलबर्गमध्ये महाराष्ट्राचा या गोष्टीशी संबंध येतो.

सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर इथले मुरलीकांत पेटकर हे भारतीय सैन्यातले जवान आणि मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि कण्याला इजा झाली. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार चालू असताना व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आले. पाण्यात शरीराचा भार हलका होतो, दुबळे स्नायूही काम करू लागतात, म्हणून पोहणे हा अशा रुग्णांसाठी उत्तम व्यायाम मानला जातो. पेटकर यांनी त्या व्यायामाची स्पर्धा केली. हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांची वेळ नोंदवून त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधले भारताचे ते पहिले सुवर्णपदक. स्टोक मँडेव्हिलच्या वॉर्डात सुरू झालेली उपचारपद्धती अठ्ठावीस वर्षांत कृष्णाकाठच्या एका तरुणापर्यंत येऊन पोहोचली होती. देशाला मात्र त्याची पुरेशी दखल घ्यायला पुढे कित्येक वर्षे लागली. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये.

हुकमी स्वभावाचे पोपा

रुग्ण गुटमान यांना लाडाने पोपा म्हणत. पण ते मवाळ नव्हते. स्वभाव हुकमी, आवाज चढा, वेळापत्रकात सवलत नाही. रडत बसलेल्या रुग्णाला ते थोपटत बसत नसत, धनुष्य हातात देत. काहींना ही जबरदस्ती वाटे. त्यांच्या कामाला मर्यादाही होत्या. पहिली बरीच वर्षे या स्पर्धा फक्त कण्याच्या इजा झालेल्यांच्या होत्या. हात-पाय गमावलेल्यांना आणि अंध खेळाडूंना पॅरालिंपिकमध्ये प्रवेश मिळाला तो १९७६ मध्ये, टोरोंटोला. शिवाय सगळी सूत्रे डॉक्टरांच्या हाती होती. खेळाडूंनी स्वतःचे निर्णय स्वतः घ्यावेत, हा विचार पुढच्या पिढीने रुजवला.

१९६६ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली, १९७६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. रुग्णालयातून निवृत्त झाल्यावरही ते खेळांच्या संघटनेत राबत राहिले. रुग्णालयाशेजारी खास दिव्यांगांसाठी उभारलेले क्रीडागार १९६९ मध्ये सुरू झाले, आज ते स्टोक मँडेव्हिल स्टेडियम म्हणून ओळखले जाते. १८ मार्च १९८० रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. आठ वर्षांनी सोलमध्ये ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक एकाच मैदानांवर झाल्या. ते पाहायला मात्र गुटमान नव्हते.

आपल्यासाठी काय?

गुटमान यांचे निम्मे काम आजही प्रत्येक घरात करता येण्याजोगे आहे. आपल्याकडे झाडावरून, बांधकामावरून पडून किंवा दुचाकीच्या अपघातात कणा दुखावणारे बहुतेक तरुणच असतात. घरी आल्यावर त्यांची कूस दर दोन तासांनी बदलली पाहिजे. खुर्चीत बसणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार देऊन बूड उचलले पाहिजे. रोज रात्री आरशाने पाठ, बूड आणि टाचा तपासल्या पाहिजेत. लालसर डाग दिसला तर तो जाईपर्यंत त्या जागेवर भार देऊ नये. लघवीची नळी ठरावीक वेळेला, हात स्वच्छ धुऊन, शिकवल्याप्रमाणे वापरावी. ताप आला, लघवी गढूळ झाली तर थांबू नये.

खेळ सुरू करण्याआधी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा. मानेला किंवा छातीच्या वरच्या भागात इजा झाली असेल तर इजेच्या खाली घाम येत नाही आणि शरीर पटकन तापते. अशांनी आपल्या उन्हाळ्यात सकाळी लवकर खेळावे, सोबत पाणी आणि ओला टॉवेल ठेवावा. अशाच रुग्णांना मूत्राशय तुंबले तर अचानक डोके ठणकते, चेहऱ्यावर लाली येते आणि रक्तदाब धोकादायक वाढतो. तसे झाले तर ताठ बसवावे, तुंबलेली लघवी मोकळी करावी आणि तरीही बरे वाटले नाही तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.

उरलेले निम्मे काम एकट्या घराचे नाही. शाळेत खेळाचा तास सुरू झाला की कॅलिपर लावलेल्या मुलाला दप्तरे राखायला वर्गात बसवले जाते. त्याला इजा होऊ नये, हा हेतू चांगला असतो. पण त्या मुलाच्या वाट्याला दररोज एक पडदा येतो आणि त्याआड तो एकटाच असतो. कॅरम, बुद्धिबळ यांवर न थांबता त्याला बसून गोळाफेक, थ्रोबॉल, टेबल टेनिस, पोहणे, नेमबाजी यांतले काय जमेल, हे शिक्षकांनी आणि पालकांनी मिळून शोधावे. जवळच्या मैदानाला एक उतार आणि रुंद दरवाजा असलेले एक स्वच्छतागृह असावे, हा आग्रह नगरपालिकेकडे धरावा. पुण्यात खडकीच्या केंद्रात कण्याच्या इजा झालेले सैनिक बास्केटबॉल खेळतात. तशी संधी गावातल्या मुलाला मिळायला तज्ज्ञ डॉक्टर लागत नाही. एक चेंडू लागतो, सपाट जागा लागते आणि समोर खेळायला दुसरा कोणी लागतो.